चेंडूवरची धूळ

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. पूल हा त्याच कुळातला खेळ. त्याचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, वजन १५६ ते १७० ग्रॅम. क्यूचे टोक १४ मिलिमीटरहून रुंद चालत नाही. इतकी काटेकोर मापे चिमूटभर धुळीने वाया जातात. कॅरमच्या पावडरीने सोंगटी घसरते. इथे उलटे होते. क्यूच्या टोकाला लावलेल्या खडूचा कण दोन चेंडूंमध्ये आला, की ते क्षणभर एकमेकांना धरून ठेवतात आणि नेम चुकतो. म्हणून सामन्यापूर्वी चेंडू मऊ फडक्याने पुसावेत, टेबलाचे कापड ब्रशने झाडावे. डाव चालू असताना मात्र चेंडूला हात न लावता पंचांना विनंती करावी. हारजीत कौशल्याने ठरावी, धुळीने नव्हे.