कासवाचे पिल्लू घरी आले तर

कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजीत नाही, पंखांखाली घेत नाही. केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी कल्पना आपल्या संतवाङ्मयात वारंवार येते. कल्पना मोठी हृद्य आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. मादी जमीन उकरते, अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. काही महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात तेव्हा आई जवळ नसते. पहिल्या दिवसापासून पिल्लाने आपले अन्न आपण शोधावयाचे असते, आणि आपला अशक्तपणा शत्रूच्या नजरेस पडू द्यावयाचा नसतो. ही दुसरी गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. कासवाचे पिल्लू आजारी पडले तरी आठवडेच्या आठवडे तसे दिसत नाही.

म्हैसूरसारख्या शहरात असे पिल्लू घरी येण्याचे प्रसंग दोन. एक तर ते रस्त्याकडेला किंवा शेतात कोणास सापडते, नाही तर कोणी 'घरात असले की लक्ष्मी नांदते' असे सांगून आणून देतो. बहुधा ते तारा-कासव असते. काळसर पाठीवर प्रत्येक ढालीच्या मध्यातून पिवळ्या रेषा किरणांसारख्या फुटलेल्या. जन्मतः लांबी फार तर तीन-चार सेंटिमीटर. दक्षिणपूर्व भारत, गुजरात-राजस्थानचा कोरडा भाग, त्यालगतचा पाकिस्तान आणि श्रीलंका ही त्याची घरे. या रूपानेच त्याचा घात केला आहे. भारतातील एकाच ठिकाणाहून वर्षाला निदान ५५,००० तारा-कासवे चोरून गोळा केली जातात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. २०१८ च्या नोव्हेंबरात सिंगापुरात जप्त झालेली ५१ तारा-कासवे विमानाने बंगळुरूस परत आणावी लागली, यावरून हा व्यापार कोठवर पोहोचला आहे हे ध्यानात येईल.

तेव्हा प्रथम कायद्याची गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि तारा-कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, आले. ते विकत घेणे, विकणे किंवा पाळणे यांस तीन ते सात वर्षांची कैद आणि निदान २५,००० रुपये दंड आहे. 'आम्ही तर त्याला जिवापाड जपतो' हे उत्तर न्यायालयात चालत नाही. असे पिल्लू सापडल्यास वनखात्यास कळवावे. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

येथे आपली भाषाच थोडा घोटाळा करते. समुद्रातले, तळ्यातले आणि माळरानावरचे, या तिघांनाही आपण 'कासव' म्हणतो. कन्नडमध्येही 'आमे' या एकाच शब्दावर भागते. त्यामुळे भाविकपणे एखादे पिल्लू कुक्करहळ्ळी तलावात किंवा देवळाच्या पुष्करिणीत सोडून पुण्य केल्याचे समाधान मानणारी माणसे भेटतात. तारा-कासवाला पोहता येत नाही. ते बुडून मरते. पाय पाहावेत. बोटांमध्ये पडदा असेल तर ते पाण्याचे. हत्तीच्या पायासारखे खांब असतील तर ते जमिनीचे.

वनखात्याची माणसे येईपर्यंत एक रात्र जाईल. तेवढ्यासाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके पुरते. तळाशी किंचित ओलसर माती पसरावी, उथळ बशीत पाणी ठेवावे आणि खोके माणसांच्या वर्दळीपासून दूर असावे. दूध, भात, पाव यांपैकी काही घालू नये. एक रात्र उपाशी राहिल्याने त्याचे काही बिघडत नाही; दुधाने मात्र बिघडते, कारण ते पचविण्याची सोय निसर्गाने त्याच्या पोटात केलेलीच नाही.

आता दुसरा वर्ग. आफ्रिकेतील सुलकाटा जातीचे कासव काही कुटुंबांनी पाळलेले असते. अशा परदेशी संरक्षित प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली आहे. नोंदणी असेल तर पाळण्यास प्रत्यवाय नाही, पण आणण्यापूर्वी एक हिशेब करावा. तळहातावर मावणारे हे पिल्लू जगातील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे भू-कासव होणार आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ५० किलोंच्या पुढे जाते, आणि आयुष्य माणसाएवढे. सदनिकेच्या सज्जात ते कसे राहणार? शिवाय ते जमिनीत खोल बिळे खणते, हे तळमजल्यावरच्या बागवाल्यांनीही विसरू नये.

ज्यांच्याकडे ते रीतसर आहे, त्यांनी त्याच्या पाठीकडे नीट पाहावे. ढाली सपाट आणि गुळगुळीत असाव्यात. पुष्कळ घरच्या कासवांच्या पाठीवर मात्र ढालीगणिक डोंगरासारखे उंचवटे उठलेले दिसतात, आणि काही लोक त्यालाच शोभा समजतात. ते संगोपनातील उणिवेचे चिन्ह आहे. एकदा उठलेला उंचवटा पुन्हा बसत नाही. पहिल्या दोन वर्षांत घरच्या माणसांनी काय केले, ते असे कासवाच्या पाठीवर जन्मभर राहते.

हे उंचवटे फार पौष्टिक खाण्याने येतात, अशी पूर्वी समजूत होती. २००३ साली व्हिएन्नातील संशोधकांनी सुलकाटाच्या पिल्लांवरच प्रयोग करून पाहिले. आहारातील प्रथिनांचा परिणाम किरकोळ निघाला. हवेचा कोरडेपणा हेच मुख्य कारण ठरले. वाळवंटाच्या कडेचा प्राणी, मग त्याला ओलावा कशाला, असे आपणांस वाटेल. पण पिल्लू दिवसाचा बराच वेळ बिळात किंवा गवताच्या बुडाशी दडलेले असते, आणि तेथली हवा दमट असते. म्हैसूरची हवा फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत कोरडी असते. त्या दिवसांत खोक्यातील माती व नारळाच्या काथ्याचा भुसा रोज शिंपून ओलसर ठेवावा. चिखल मात्र होऊ देऊ नये. रोज सकाळी पिल्लाला कोमट पाण्याच्या ताटलीत पंधरा मिनिटे बसवावे. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंतच असावे, आणि तेवढा वेळ कोणीतरी जवळ थांबावे. पिल्लू पाणी पिते, बहुधा त्यातच मलमूत्र विसर्जन करते; पाणी लगेच फेकून ताटली वेगळी ठेवावी.

अन्नाच्या बाबतीत म्हैसूरकरांचे भाग्य थोर. या मुलखात रेशमाचा धंदा आहे, म्हणून तुतीची झाडे आहेत, आणि तुतीचा पाला पिल्लांना फार मानवतो. त्यात चुना भरपूर असतो. मुख्य अन्न मात्र गवतच: कोवळी हरळी बारीक कातरून द्यावी. त्याच्या जोडीला जास्वंदीची पाने व फुले, पाथरी, भोपळ्याच्या वेलीची पाने, काटे काढून चिरलेला फड्या निवडुंग. देवराज बाजारातील फुले कितीही टवटवीत दिसली तरी घेऊ नयेत. विक्रीच्या फुलांवर औषधे फवारलेली असण्याचा संभव असतो. पालक वारंवार देऊ नये, कारण त्यातील आम्ल चुन्याला शरीरात शिरू देत नाही. काकडी म्हणजे निव्वळ पाणी. केळे, आंबा, कलिंगड यांवर पिल्लू तुटून पडते आणि मुलांना गंमत वाटते, पण सुलकाटाचे पोट साखरेने बिघडते. पिल्लाच्या पाठीएवढा ढीग रोज एकदा पुरे. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन खोक्यात टाकून ठेवावे. चुन्याची गरज भासली की पिल्लू ते आपण होऊन कुरतडते.

हा चुना अंगी लागण्यासाठी ऊन हवे, आणि ते थेट हवे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातील उपयुक्त किरण काच अडविते. सकाळचे कोवळे ऊन अर्धा-पाऊण तास द्यावे, शेजारी सावली असावी, आणि घारी-कावळ्यांसाठी वर जाळी. डिसेंबर-जानेवारीत म्हैसूरची रात्र १६-१७ अंशांपर्यंत उतरते. तेव्हा खोके घरात, उबेत घ्यावे.

लहान मुले असलेल्या घरांना एक सूचना. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असतात. त्यापायी मुलांना हगवण लागू लागली, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांची विक्रीच बंद केली. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. ताटली स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये.

आजार डोळ्यांना उशिरा दिसतो, म्हणून तराजूवर भरवसा ठेवावा. दर रविवारी पिल्लाचे वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही किंवा उतरला, नाकाशी बुडबुडे आले, डोळे सुजले, पाठ बोटाखाली दबू लागली, तर पशुवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये.

आणि ज्या मुलांचा हट्ट तारा-कासवासाठीच आहे, त्यांना घेऊन १८९२ साली चामराजेंद्र वाडियारांनी स्थापन केलेल्या म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात जावे. तेथे ठराविक रक्कम भरून वर्षभरासाठी एखादा प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे. खर्च आपला, सांभाळ जाणत्यांचा.