पोळ्यांचे दोन हजार

बँकेतून निवृत्त झालो, तरी वस्तीतली पासबुके माझ्याकडे येतातच. परवा एक विधवा बाई आली. पदरात दोन मुले. ‘‘काका, एका घरी पोळ्यांचं काम मिळतंय, महिना दोन हजार. पगार तर बंद नाही ना होणार?’’

पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान. २०२३ मध्ये ते हजारावरून दीड हजार झाले. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्यांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची अट मात्र तशीच राहिली. पोळ्यांचे वर्षाला चोवीस हजार होतात. म्हणजे दोन हजार आले की दीड हजार गेले! महिनाभर दुसऱ्याच्या ओट्यापाशी उभे राहून पदरात वाढले पाचशे. (थकलेल्या कर्जदाराशीही आम्ही इतके निर्दय वागत नसू.)

ब्रिटनमध्ये मूल सांभाळणाऱ्या पालकाची थोडी कमाई हिशेबात धरतच नाहीत. त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे मदतीतून ५५ पेन्स कापतात. हा दर २०२१ मधला. आधी ६३ होता. कुरकुर तिथेही आहे, पण तो उतार आहे. आपल्याकडे सरळ कडा.

‘‘दाखल्याच्या वेळी हे काम सांगायलाच हवं का, काका?’’

पस्तीस वर्षे खोट्या कागदांवर लाल शेरे मारलेला मी पासबुक चाळत बसलो.