तालिकेतील चित्रशोध

सार्वजनिक ग्रंथालयाची तालिका लेखक, ग्रंथनाम आणि विषय या अंगांनी रचलेली असते. कार्डांचे खण जाऊन संगणक आला, तरी शोधाची रीत फारशी बदलली नाही: चौकटीत शब्द टाकायचा आणि यादी वाचत जायची. नेमके पुस्तक ठाऊक असलेल्याला एवढे पुरते. काही चांगले वाचायचे आहे, पण नाव सांगता येत नाही, अशा वाचकाचे मात्र तिथे अडते. दृश्य शोधसाधने निघाली ती या वाचकासाठी.

डेन्मार्कमध्ये आनेलिसे मार्क पेयटरसन यांनी ग्रंथपाल आणि कथा-कादंबऱ्या मागायला आलेले वाचक यांच्यातील बोलणे बारकाईने अभ्यासले. गोष्ट कुठल्या काळातली, कुठे घडणारी, करमणूक करणारी की विचारात पाडणारी, वाचायला सोपी की जड, हे वाचक सांगत. मुखपृष्ठाच्या रंगाचाही उल्लेख होई. तालिकेच्या नोंदीत यातले फारच थोडे असे. या अभ्यासातून १९८०च्या दशकात 'बुक हाउस' ही प्रणाली उभी राहिली. पडद्यावर ग्रंथालयाची इमारत दिसे. आत शिरून मुलांचे किंवा मोठ्यांचे दालन निवडायचे. मग आवडलेल्या पुस्तकासारखे दुसरे मागता येई, किंवा नुसती छोटी चित्रे चाळत एखाद्या चित्रावरून त्याच्याशी जोडलेल्या पुस्तकांपर्यंत जाता येई. यामागे प्रत्येक पुस्तकाचे वेगळे, सविस्तर वर्णन करून ठेवलेले होते. खरे मोल त्या कष्टाचे आहे.

ॲमस्टरडॅमच्या मीडियालॅब कंपनीचा 'ॲक्वाब्राउझर' दुसऱ्या वाटेने गेला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील सार्वजनिक ग्रंथालयानेही तो वापरला. पडद्यावर डावीकडे शब्दांचे जाळे: मध्यभागी वाचकाचा शब्द, भोवती संबंधित शब्द, अन्य भाषांतील प्रतिशब्द आणि शुद्धलेखनाचे पर्याय, प्रत्येक प्रकार वेगळ्या रंगात. एखाद्या शब्दावर क्लिक केले की तो मध्यभागी येई आणि जाळे नव्याने पसरे. हे संबंध बव्हंशी तालिकेतील मजकुरावरूनच संगणक जुळवी.

उजवीकडे भाषा, विषय, लेखक यांनुसार यादी गाळण्याची सोय होती. शब्दांचे जाळे कालांतराने मागे पडले. गाळणी आज जवळजवळ प्रत्येक आधुनिक तालिकेत आहे. विषयाचे स्वतंत्र पैलू पाडून ते हवे तसे जोडण्याचे तत्त्व ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३३च्या द्विबिंदू वर्गीकरणात मांडले होते. गाळणीमागची कल्पना त्याच जातीची आहे.

चित्र कितीही देखणे असो, ते नोंदींपलीकडे जाऊ शकत नाही. एकाच लेखकाची कविता कुसुमाग्रज या नावाने आणि 'नटसम्राट' हे नाटक वि. वा. शिरवाडकर या नावाने नोंदलेले असेल आणि दोन्ही नावे तालिकेत जोडलेली नसतील, तर पडद्यावर दोन वेगळे लेखक उमटतील. मराठीत टोपणनावे, आद्याक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घाचे भेद विपुल असल्याने ही जोडणी आधी हवी. शिवाय अंध वाचकाचे पडदा-वाचक सॉफ्टवेअर चित्रातली मांडणी सांगू शकत नाही आणि निव्वळ रंगाने दाखवलेला भेद रंगांधाला कळत नाही. म्हणून चित्रातला प्रत्येक दुवा साध्या यादीतही द्यावा लागतो.