पटावरून शाळेची परीक्षा

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली, तेव्हा वाद होता तो मुलांनी शाळेत काय आणि कसं शिकावं याचा. त्याच जिल्ह्यात आज जिल्हा परिषदेच्या शाळेची चर्चा पटसंख्येपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. गेल्या दीड दशकाकडे पाहिलं, तर पट शाळेच्या दर्जाबद्दल फार थोडं सांगतो. 2001 ते 2011 या काळात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्के वाढली, वर्धा जिल्ह्याची जेमतेम 5 टक्के. अशा जिल्ह्यात पहिलीचा वर्ग लहान होणारच. त्याचं खापर एकट्या गुरुजींवर फोडता येत नाही. उलट, शिक्षकांची पदं आणि अनुदान पटावर ठरू लागलं की काय होतं, हे ऑक्टोबर 2011 च्या राज्यव्यापी पटपडताळणीत उघड झालं: सुमारे 20 लाख मुलं फक्त हजेरीपटावर होती! तरी मोजपट्टी बदलली नाही. 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळांवर गदा आली. 2023 मध्ये वीसपर्यंत पटाच्या शाळा समूह शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव निघाला.

पालक मुलांना खासगी शाळेत घालतात, हा शाळेच्या दर्जावरचा कौल नव्हे का? कौल आहे, पण त्यात ऐपत आणि प्रतिष्ठाही मिसळलेली असते. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचे ग्रामीण भारताचे आकडे पाहा. 2018 ते 2022 मध्ये सरकारी शाळांतल्या 6 ते 14 वयाच्या मुलांचं प्रमाण 65.6 वरून 72.9 टक्क्यांवर गेलं, आणि त्याच काळात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी सरकारी शाळांतली तिसरीची मुलं 20.9 वरून 16.3 टक्क्यांवर आली. 2024 मध्ये पट 66.8 वर उतरला, तर वाचन 23.4 वर चढलं. मधे करोना होता हे खरं. पण पटावरून शिकणं ओळखता येत नाही, हे त्यामुळेच अधिक स्पष्ट होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सात मुलं, चार इयत्ता, एक शिक्षक, यात शिकणं कसलं? पण शिक्षण हक्क कायद्याने साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक सांगितले होते. शिवाय बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावातली मुलगी पावसाळ्यात दुसऱ्या गावी रोज पोचेल, हे शासननिर्णयात लिहून होत नाही. शाळा बंद करायचीच असेल, तर आधी तिथली मुलं वाचतात किती ते तपासा आणि रोज येणाऱ्या गाडीची लेखी हमी द्या; नुसता पट पाहून सही करू नका.