एक 'वेअर' आणि जपानी क्रियापदांचा गोतावळा

परकी भाषा शिकायची म्हणजे आधी इंग्रजी पक्के हवे, असा आपल्याकडे एक समज आहे. माझ्यासारख्या, घरात ज्याच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही अशा मराठी माध्यमातल्या मुलाला तर या समजाची धास्तीच वाटते. जपानी शिकताना मात्र मला निराळाच अनुभव आला. तो एका शब्दापुरता येथे मांडतो.

इंग्रजीत 'वेअर' हे एकच क्रियापद. सदरा असो, बूट असो, टोपी, चष्मा वा अंगठी असो, सगळ्यांना तेच चालते. इंग्रजी-जपानी कोशात पहिला शब्द मिळतो 'किरू'. 'किमोनो' या शब्दातला 'कि' हाच. किमोनो म्हणजे अंगात घालायची वस्तू. पण तेवढ्यावर विसंबून कोणी बुटाला 'किरू' लावले, तर जपानी माणसाला ते कसे वाटेल? आपल्याला 'त्याने बूट नेसले' ऐकून वाटेल तसेच!

जपानी भाषा आधी विचारते, वस्तू शरीराच्या कोणत्या भागावर गेली? खांद्यावरून अंगभर येणाऱ्या सदरा, कोट, किमोनो यांना 'किरू'. कमरेखालच्या पाटलोण, मोजे, बूट यांना 'हाकू'. डोक्यावरच्या टोपीला 'काबुरू'. डोक्यावरून पांघरूण ओढून घेणे हेही 'काबुरू'च. चष्म्याला 'काकेरू', म्हणजे मूळ अर्थाने अडकवणे. टायला 'शिमेरू', म्हणजे आवळणे. अंगठीला आणि हातमोज्यांना 'हामेरू', म्हणजे नीट बसवणे. घड्याळ, अंगठी अशा वरकड वस्तूंना 'सुरू', म्हणजे 'करणे', हेही चालते.

इंग्रजीतून येणाऱ्याला ही यादी घोकावी लागते. आपल्याला त्यात नवल ते काय? आपणही साडी नेसतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, चष्मा लावतो. फरक एवढाच, की आपले 'नेसणे' वस्त्र कसे आहे ते पाहते. न शिवलेले, कमरेला गुंडाळायचे वस्त्र नेसतात. जपानी भाषा शरीराचा भाग पाहते. म्हणून आपली नेसायची साडी जपानीत 'किरू'च होते. आपले 'घालणे' मात्र फसवे. सदरा, बूट, टोपी सर्वांना ते चालते, तेव्हा तेथे सावध राहायला हवे.

दुसरी गोष्ट काळाची. इंग्रजीत 'शी इज वेअरिंग' म्हणतात. त्याचे शब्दशः मराठी केले तर 'ती नेसत आहे' असे होईल, म्हणजे निऱ्या अजून हातातच! आपण म्हणतो, 'ती साडी नेसली आहे.' जपानी 'किते इरू' याचाही अर्थ बहुधा हाच, क्रिया झाली आणि तिची स्थिती टिकून आहे. येथे मराठीची वाट सरळ आहे आणि इंग्रजीची वळशाची. उच्चार मात्र जपून करावा. 'कित्ते इरू' म्हटले की अर्थ होतो 'कापत आहे', कारण कापणे हेही 'किरू'च, पण त्याची रूपे वेगळी चालतात.

'वेअर'चे आणखीही अर्थ आहेत. इंग्रजीत दाढीसुद्धा 'वेअर' करतात. जपानीत तिला 'हायासू', म्हणजे वाढवणे. आपणही दाढी वाढवतोच. बुटाचा तळ 'वेअर' होतो तेव्हा जपानीत 'सुरिहेरू' आणि आपल्याकडे 'झिजणे'.

यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. इंग्रजी शब्द समोर आला, की लगेच जपानी कोश उघडायचा नाही. आधी विचारायचे, या ठिकाणी माझी आई कोणते क्रियापद वापरील? तिला इंग्रजी येत नाही. पण नेसणे, पांघरणे आणि माळणे यांतला भेद तिला कोणी शिकवावा लागला नाही. आपल्या घरातली ही शिदोरी कमी प्रतीची नाही. इंग्रजी जरूर शिकावे. पण ते कच्चे आहे म्हणून जगातल्या इतर भाषांची दारे आपल्याला बंद आहेत, असे कोणी मानू नये.