अनंताला बी नाही

देवापुढच्या परडीत आज अनंत आहे. वास पार मागच्या सतरंजीपर्यंत आला असेल. मंडळी, नाव फार मोठं आहे हो! भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला ज्याचा चौदा गाठींचा दोरा आपण हाताला बांधतो, तो अनंत म्हणजे साक्षात विष्णू. आणि हे फूल? आज पांढरंशुभ्र, उद्या साईसारखं, परवा पिवळं. बोट लागलं तरी पाकळीवर डाग. मग याला अनंत म्हणावं कसं?

ऐका. हे झाड मूळचं पूर्वेकडचं. चीन, जपान, व्हिएतनाम इकडच्या रानातलं. कॉफीच्या कुळातलं आहे, पानं बाराही महिने हिरवीगार. रानातल्या अनंताचं फूल एकेरी. त्याला नारिंगी फळ धरतं. केशरात जो रंग, तोच या फळात. जपानात मुळ्याच्या लोणच्याला तो देतात. तिकडे याला ‘कुचिनाशी’ म्हणतात, म्हणजे बिनतोंडाचं. फळ पिकलं तरी उकलत नाही म्हणून हे नाव, असं सांगतात. मौनीबुवाच म्हणा ना!

आपल्या दारातला अनंत मात्र भरगच्च पाकळ्यांचा, माणसानं निवडून जपलेला. केसरांच्याच पाकळ्या झाल्या, मग फळ कुठून धरणार? फळ नाही, म्हणून बी नाही. मग तो इथवर आला कसा? हातोहात, महाराज! कुणी कुणाला फांदी दिली, त्यानं ती लावली, वाढल्यावर पुढच्याला दिली. बाजारातून रोप आणलंत तरी तीही कुणाच्या तरी झाडाची फांदीच. फूल तीन दिवसांचं; पण तेच एक झाड अंगणाअंगणांतून जिवंत चालत आलंय. नाम तरी आपल्याला कसं मिळालं? असंच, कुणाच्या तरी मुखातून.

आता वाडे पडताहेत. आजीनं लावलेला अनंत जेसीबीखाली गेला, तर मागे बी उरत नाही की पुन्हा उगवेल. तेव्हा आधीच, आषाढ-श्रावणात, वीतभर फांदी घ्या. विचारून घ्या बरं का. देवासाठी असली तरी चोरी ती चोरीच. खालची पानं काढा, वाळू मिसळलेल्या मातीत, सावलीत खोचा, ओल राखा. महिना-दीड महिन्यात मुळं धरते. एक नको, दोन लावा. मागायला कुणीतरी येतंच. आणि बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका, पानं पिवळी पडतात. पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून तेच घाला.