चालत्या घराची तहान

स्वयंपाकघर, शयनकक्ष, स्नानगृह आणि बैठकीची खोली असा सारा संसार चाकांवर घेऊन हिंडणारी मोटरहोम हे अमेरिकन महामार्गांवरील नित्याचे दृश्य आहे. निवृत्तीनंतर राहते घर विकून वर्षानुवर्षे अशा गाडीतच मुक्काम करणारी जोडपीही तेथे आढळतात. या गाडीचा दिमाख पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो. तिच्यात इंधन भरण्याचा खटाटोप मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मोटार पंपावर नेली, नळी लावली, पैसे चुकते केले आणि निघालो, इतके ते सोपे नसते. जागा चुकली तर गाडी अडकून पडते, नळी चुकली तर इंजिन निकामी होऊ शकते आणि निष्काळजीपणा झाला तर आगीला निमंत्रण मिळते.

या गाड्यांमधील सर्वांत मोठा प्रकार ‘क्लास ए’ म्हणून ओळखला जातो. त्यातील डिझेल गाड्यांचे इंजिन मागे असते. ते गाडीला जणू मागून ढकलते, म्हणून त्यांना ‘डिझेल पुशर’ असे नाव पडले. लांबी साधारण ३५ ते ४५ फूट आणि उंची १२ ते १३ फूट, म्हणजे आकार एखाद्या मोठ्या प्रवासी बसचा. इंधनाची टाकी बहुधा १०० गॅलनची, म्हणजे सुमारे ३८० लिटरची किंवा त्याहून मोठी. गाडी एका लिटरमध्ये जेमतेम साडेतीन किलोमीटर धावते. टाकीचा तीन चतुर्थांश भाग भरायचा झाला आणि गॅलनला ४ डॉलर दर धरला, तर एका खेपेचा खर्च ३०० डॉलर होतो.

आत शिरण्याआधी बाहेरची वाट

अनेक मोटरहोमच्या मागे एक छोटी मोटारही जोडलेली असते. मुक्कामी पोहोचल्यावर गावात फिरण्यासाठी ती उपयोगी पडते. चारही चाके जमिनीवर ठेवून ती दांड्याने ओढली जाते. हा लवाजमा पुढे उत्तम चालतो; मागे मात्र घेता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास मागच्या मोटारीची पुढली चाके भलतीकडे वळतात आणि दांडा वाकतो किंवा तुटतो. म्हणूनच चुकीच्या पंपावर शिरलेल्या चालकाला खाली उतरून मोटार सोडवावी लागते, मोटरहोम मागे घ्यावी लागते आणि पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. तोवर मागे खोळंबलेल्यांचे भोंगे सुरू झालेले असतात.

त्यामुळे अनुभवी चालक पंपाकडे वळण्यापूर्वी आत कसे जायचे यापेक्षा बाहेर कसे पडायचे, हे आधी पाहतो. मोटारींसाठीच्या पंपावर समोर दुकानाची भिंत असते, वळणे आखूड असतात आणि डोक्यावर छप्पर असते. छपराच्या कडेवर लिहिलेली उंची वाचल्याशिवाय खालून जाणे धोक्याचे. गाडीच्या छतावर वातानुकूलन यंत्र बसवलेले असते, हे विसरून चालत नाही. दुसरा धोका शेपटीचा. मागच्या चाकांपलीकडे गाडीचा बराच भाग लोंबता असतो. चालकाने चाक डावीकडे वळवले की हा भाग उजवीकडे फेकला जातो आणि पंपाजवळच्या लोखंडी खांबावर आदळतो. पंपापासून निघताना काही अंतर सरळ जाऊन मगच वळावे, असा दंडक त्यातूनच पडला आहे.

ट्रकचालकांच्या रांगेत

यावर उपाय म्हणजे ट्रकथांबा. पायलट, फ्लाइंग जे, लव्हज यांसारख्या साखळ्यांचे असे थांबे आंतरराज्य महामार्गांच्या कडेला जागोजागी आहेत. येथील मार्गिका सरळ आरपार असतात आणि छप्पर उंच असते. मोटारींसाठीच्या पेट्रोल नळीला मिनिटाला १० गॅलनची कायदेशीर मर्यादा आहे. ट्रकची डिझेल नळी त्याच्या दुपटीहूनही अधिक वेगाने वाहू शकते. ट्रकला दोन्ही अंगांना टाक्या असल्यामुळे मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना पंप असतात. त्यांतील एक मुख्य आणि दुसरा उपपंप असतो. मुख्य पंप सुरू केल्याखेरीज उपपंप चालत नाही, ही गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. शिवाय मोठ्या नळीच्या धारेने डिझेलला फेस येतो आणि ते तोंडातून उसळून बाहेर येते. अशा वेळी नळीची कळ पूर्ण न दाबता संथपणे भरणे श्रेयस्कर ठरते.

येथे शिष्टाचारही सांभाळावा लागतो. मालवाहू ट्रकच्या चालकाला १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवण्याची मुभा असते. पंपावर वाया गेलेला वेळ त्याच्या कमाईतून वजा होतो. म्हणून डिझेल भरून होताच गाडी पुढच्या रेषेपर्यंत नेऊन पंप मोकळा करावा आणि मगच पावती घ्यायला जावे, अशी तेथील रीत आहे. काच पुसणे, खरेदी करणे, कुत्र्याला फिरवून आणणे ही कामे गाडी वाहनतळावर लावल्यानंतरची. सहलीला निघालेल्यांनी पोटासाठी धावणाऱ्यांची रांग अडवू नये, ही तेथील किमान अपेक्षा असते.

कोणती नळी, कोणते इंधन?

अमेरिकेत ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. डिझेलच्या नळीची मूठ बहुधा हिरवी असते. पण काही कंपन्यांच्या पंपांवर हिरवी मूठ पेट्रोलचीही असते. तेव्हा रंगावर विसंबून न राहता पाटी वाचलेली बरी. तेथे सुटीसाठी भाड्याने मिळणाऱ्या मोटरहोम बहुतांशी पेट्रोलवर चालतात. मराठी पर्यटकांनीही टाकीच्या झाकणावरील सूचना वाचूनच नळी उचलणे इष्ट. डिझेल इंजिनात पेट्रोल गेल्यास इंधनपंपाला मिळणारे वंगण नाहीसे होते आणि तो झिजून निकामी होतो.

२०१० नंतरच्या बहुतेक डिझेल मोटरहोमना आणखी एक द्रव लागतो. त्याला डीईएफ म्हणतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असते. धुरातील नायट्रोजनची घातक ऑक्साइडे निरुपद्रवी करणे हे त्याचे काम. त्याची टाकी वेगळी असून झाकण निळे असते. हा द्रव चुकून डिझेलच्या टाकीत पडला, तर इंजिन सुरूही करू नये. अन्यथा दुरुस्तीचे बिल हजारो डॉलरवर जाते. काही ठिकाणी लाल रंगाचे स्वस्त डिझेलही दिसते. ते शेतीच्या व इतर यंत्रांसाठी असते आणि त्यावर गॅलनमागे २४.४ सेंटचा संघराज्यीय रस्तेकर घेतलेला नसतो. रस्त्यावरील वाहनात ते सापडल्यास १००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होतो.

आधी ज्योत विझवा

डिझेल सहजी पेट घेत नाही. शेजारच्या पंपावरील पेट्रोलची वाफ मात्र हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत येते. अनेक मोटरहोममध्ये स्वयंपाक, हीटर आणि फ्रिज प्रोपेनवर चालतात. फ्रिजमागची छोटीशी ज्योत वाफेला भिडली, तर अनर्थ अटळ. म्हणून पंपाच्या आवारात शिरण्यापूर्वीच प्रोपेनची झडप बंद करून सर्व ज्योती विझवल्या जातात. जनरेटरही बंद ठेवला जातो.

केव्हा भरावे?

युटा राज्यात ७० क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना या सुमारे १७५ कि.मी.च्या पट्ट्यात एकही पंप नाही. रस्ता डोंगराळ आणि चढणीचा. अशा ठिकाणी ‘पुढे पाहू’ हे धोरण अंगाशी येते. डिझेल पूर्ण संपले की इंधननळ्यांत हवा शिरते. नुसते डिझेल ओतून मग भागत नाही. हवा काढून टाकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. जनरेटरची नळी टाकीत वरच्या पातळीवर बसवण्यामागेही हाच विचार आहे. टाकी साधारण पाव भागावर आली की जनरेटर आपोआप बंद पडतो आणि उरलेले इंधन प्रवासासाठी राखले जाते. चालकांनीही हाच पाव भाग शेवटची रेघ मानावा.

हिवाळ्यात कोठे भरावे हेही महत्त्वाचे ठरते. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून गाळणी तुंबते. थंड राज्यांतील पंपांवर त्यासाठी हिवाळी मिश्रणाचे डिझेल मिळते. टेक्सासच्या उबेत भरलेली टाकी घेऊन थेट मोंटानाच्या हिमात मुक्कामाला जाणाऱ्याची गाडी सकाळी हलेलच याची शाश्वती नसते. वाटेत थंडी वाढू लागली की तेथीलच डिझेल भरून घेणे शहाणपणाचे.

एवढे सारे चालकाने आयत्या वेळी आठवायचे म्हटले, तर चूक ठरलेलीच. म्हणून जाणते प्रवासी आदल्या रात्रीच नकाशावर उद्याचा पंप निवडतात, उपग्रहावरून टिपलेल्या चित्रात त्याची प्रवेशाची आणि निर्गमनाची वाट न्याहाळतात व पर्यायी पंपही हेरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पंपावर उरते ते केवळ डिझेल भरणे!